दगडातलं ऊन

देवानंद चाफले घरातून निघून गेला त्याला चोवीस वर्षं झाली होती, आणि तो का गेला हे गोटमाळ गावानं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. बायकोच्या जिभेला कंटाळून गेला.

कुंदाची जीभ खरंच तिखट होती. नवी नवरी असताना एका मोठ्या घरच्या पंगतीत तिनं वाढणाऱ्याला विचारलं होतं, "डाळ कोणती हाय ते सांगा, पाणी तर कळलं." पंगत हसली होती, पण यजमान विसरला नाही. असे न विसरणारे गावात पुष्कळ जमले होते. चैत्रात देवानंद गेला तेव्हा त्या सगळ्यांना आयतं कारण मिळालं. पुढं गावात नवी सून आली की तिला सांगायचे, कुंदाबाईसारखं बोलू नको, नवरा पळून जाईन.

तेव्हा तिच्या कडेवर तीन वर्षांची श्रावणी होती. माहेरी परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकट्या दिरानं, हेमराजनं, अंगणाच्या डाव्या बाजूच्या दोन खोल्या तिला दिल्या. पोरीला शिकवलं, वर्ध्याच्या कॉलेजात नोकरी लागेपर्यंत पाठीशी उभा राहिला, लग्नात कन्यादान केलं. कुंदा त्याच्याशी कधी गोड बोलली नाही, पण कधी वाकडंही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत तेच फार होतं. हेमराजची बायको नलू मात्र तिच्याशी कामापुरतंच बोलायची. तिलाही लग्नानंतर तीच गोष्ट सांगितलेली होती.

दोन हजार त्रेचाळीसच्या हिवाळ्यात पुण्याहून माणसं आली.

गावाच्या पूर्वेला उघडा माळ आहे. पळसाची झुडपं, बोरी, आणि त्यांच्यामधून मोठमोठ्या दगडांची दहा-बारा वर्तुळं. एकेक वर्तुळ खळ्यापेक्षा मोठं, एकेक दगड माणसाच्या मांडीपर्यंत. गाव त्यांना गवळ्यांचे गोठे म्हणायचं. गवळी राजाची गुरं रात्री तिथं फिरतात, म्हणून तिकडे लाकूडफाट्यालाही कोणी फिरकत नसे. शास्त्रज्ञांच्या लेखी त्या थडग्यांच्या खुणा होत्या. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी लोखंड घडवणाऱ्या, घोडे पाळणाऱ्या लोकांनी आपली मेलेली माणसं तिथं पुरली आणि भोवती दगड मांडले.

आता त्या माळावर एका कंपनीला सूर्यऊर्जेचे पॅनल उभे करायचे होते आणि ग्रामपंचायतीला भाडं हवं होतं. नियम असा होता की जे वर्तुळ जसंच्या तसं टिकलंय त्याच्या भोवतीची जमीन सोडायची. जे आधीच उसकटलेलं आहे त्याला संरक्षण नाही. त्यामुळे साऱ्या गावाला आपल्या वाडवडिलांनी थोडीफार चोरी केलेली हवी होती. तपासायला आलेल्या डॉ. मृण्मयी देवस्थळी आणि त्यांचे दोन सहकारी यांना गावात कोणी खोली दिली नाही. कुंदानं दिली. दुसरं कोणी देत नाही एवढं कारण तिला पुरलं.

"गावाच्या तोंडचा घास काढून राहिले ते, अन् तुम्ही त्याइलेच घास भरवता?" नलूनं अंगणातूनच विचारलं.

"गावानं माह्या तोंडात कधी घास घातला ते सांग, मग त्याइचा काढते," कुंदा म्हणाली.

देवस्थळी बाई तिशीच्या असतील. बोलायला कोरड्या, पण विचारलं की नीट सांगायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी डब्यासारखं एक यंत्र ओसरीवर पुसायला घेतलं तेव्हा कुंदानं विचारलं, हे काय सांगते?

"दगडाच्या एखाद्या बाजूनं शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते."

कुंदाला वाटलं, चेष्टा करतात. मग बाईंनी समजावलं. जमिनीत आणि दगडात, सगळीकडेच, अगदी थोडा किरणोत्सर्ग असतो. त्यानं माणसाला काही होत नाही, पण दगडातल्या खनिजांच्या कणांत त्याची ऊर्जा थेंबाथेंबानं साठत राहते. ठिबकणाऱ्या नळाखाली रांजण ठेवावा, तशी. ऊन लागलं की तो रांजण एका दिवसात रिकामा होतो. दगडाची जी बाजू जमिनीकडे आहे, अंधारात आहे, तिथला रांजण मात्र भरतच राहतो. यंत्र काळ्या कापडाखाली दगडाच्या पोटाशी एक बारीक सुई घालतं, कणांवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतं, आणि साठलेली ऊर्जा मंद उजेड होऊन बाहेर पडते. उजेड किती पडला त्यावरून अंधार किती वर्षांचा ते कळतं. पूर्वी यासाठी प्रयोगशाळेत महिने जायचे. आता पाऊण तास.

"म्हंजे उन्हात दगड सारं विसरते, अन् अंधारात आठवत बसते," कुंदा म्हणाली.

"तसंच काहीसं."

"बाईमाणसासारखं हाय मंग."

देवस्थळी बाई हसल्या नाहीत. त्या यंत्राची दुसरी बाजू त्यांना ठाऊक होती. दोनच वर्षांपूर्वी न्यायालयानं दगडाची साक्ष ग्राह्य धरली होती, आणि तेव्हापासून राज्यभर बांधावरचे दगड बोलायला लागले होते. कोणी कधी हद्द सरकवली, कोणाच्या आजोबानं कोणाची दोन सऱ्यांची जमीन खाल्ली, ते बाहेर पडत होतं. मेलेल्यांची भांडणं जिवंतांच्या डोक्यात कुऱ्हाडी घालत होती. गोटमाळातही तेच झालं. गावाचा राग जरा निवावा म्हणून बाईंनी दोन चुलतभावांच्या आग्रहावरून त्यांच्या बांधावरचा एक दगड तपासून दिला. दगड सात-आठ वर्षांपूर्वीच उचलून हलवलेला निघाला. दुसऱ्या दिवशी एक भाऊ डोकं फुटून इस्पितळात आणि दुसरा कोठडीत. दोन्ही घरांनी मिळून शिव्या दिल्या त्या यंत्राला. गावानं त्याचं नाव पंचनाम्या ठेवलं. कुंदाच्या घरचं दूध बंद झालं. बाईंच्या गाडीच्या चाकांतली हवा तीनदा गेली. कुंदा पलीकडच्या गावाहून दूध आणायला लागली आणि येताना वाटेत जो भेटेल त्याला सुनवायला लागली.

त्या दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन माळावर गेली होती.

चार वर्तुळं तपासून झाली होती आणि चारही अभंग होती, म्हणून गाव आणखीच पेटलं होतं. पाचवं वर्तुळ माळाच्या पलीकडच्या उतारावर, गावातून न दिसणारं. कुंदा पोचली तेव्हा बाई काळं कापड बाजूला सारून पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी सहकाऱ्याला पुन्हा सुई घालायला लावली. पुन्हा तोच आकडा.

"हा हललाय," त्या म्हणाल्या. "बाकीचे पावणेतीन हजार वर्षं जागेवर आहेत. हा एकटा चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी उलटला गेलाय आणि परत नीट बसवलाय. अगदी जसा होता तसा. वरून कळणारच नाही."

"किती म्हनलं?" कुंदानं विचारलं.

"चोवीस-पंचवीस. वर्षभर इकडेतिकडे."

कुंदानं डबा खाली ठेवला. दगड बैठ्या म्हशीएवढा होता. त्याच्या पुढची, वर्तुळाच्या आतली जमीन बाकीच्या जमिनीपेक्षा वीतभर खचलेली होती, आणि तिथलं गवत जास्त दाट होतं. हे तिला आता दिसलं. एखाद्याला पुरायला जागा शोधायची तर गाव जिथं फिरकत नाही तीच जागा कोणीही शोधेल. तिथं आधीपासूनच माणसं पुरलेली आहेत. एक वाढला तर कोणाला कळणार?

उतरताना तिला एकेक गोष्ट आठवत गेली. देवानंद गेला त्या उन्हाळ्यात हेमराज रोज शेळ्या घेऊन माळाच्या पलीकडे जायचा. भाऊ हरवलेला असताना हा शोधायला म्हणून एकदाही नागपूरला गेला नाही. पुढं लग्न झालं तसं यानं तलावाजवळचं ओलिताचं वावर घेतलं. पैसा कुठून आला विचारलं तर म्हणाला, सासऱ्यानं दिला. आणि श्रावणी लहान असताना एकदा बोरं वेचत त्या उतारावर गेली तर याच काकानं, ज्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, तिच्या थोबाडीत दिली होती.

हेमराज अंगणात जेवत होता. कुंदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, पाचव्या गोठ्याचा एक गोटा हललेला निघाला. हे गेले त्याच वर्षी."

त्याचा घास ताटात परत गेला. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना नलूनंही पाहिलं.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "तो दगड सोडा."

कुंदाला आणखी काही ऐकायचं नव्हतं. ती तशीच अनवाणी बसस्टँडवर गेली आणि तालुक्याच्या ठाण्यात ठाणेदारापुढं बसून सांगितलं की माझ्या दिरानं माझ्या नवऱ्याचा खून करून त्याला गवळ्यांच्या गोठ्यात पुरलाय. परत आल्यावर तिनं ओसरीच्या कडेवर दोन्ही हात आपटून बांगड्या फोडल्या. मंगळसूत्र तोडून देवळीत ठेवलं. चोवीस वर्षं पळून गेलेल्या माणसाची सवाष्ण म्हणून काढली होती. रडायचं राहून गेलं होतं, ते ती त्या दिवशी रडली. शेजारणींपैकी कोणी आलं नाही.

श्रावणीचा फोन आला. "आई, काका? माझा काका?"

"तुझा बाप होता तो."

"बाबाचा मला चेहरासुद्धा आठवत नाही. मला आठवतं ते काकानं पुलावरून खांद्यावर बसवून शाळेत नेलेलं. एका डब्यानं सांगितलं आणि तू त्याला खुनी करून टाकलंस?"

"डबा खोटं बोलत नाही."

"डबा 'खून' म्हणाला का? का ते तू म्हणालीस?" श्रावणीनं विचारलं आणि फोन ठेवला. पुढं आठ दिवस तिनं तो उचलला नाही.

हेमराजला चौकशीसाठी नेलं. तो ठाण्यात एक शब्द बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं सर्वांनी आपापल्या मनासारखं वाचलं. नलूनं अंगणात मधोमध चुन्याची रेघ ओढली आणि कुंदाला सांगितलं, ही ओलांडली तर पाय तोडीन. कुंदाच्या दारावर शेण पडलं. खोली देवस्थळी बाईंनी सोडावी असं सरपंच स्वतः येऊन सांगून गेला. बाई गेल्या नाहीत, पण त्याही कुंदावर नाराज होत्या.

"तुम्ही आठवडाभर थांबायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी त्या दगडात भोक पाडून काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवलाय. तारीख ही अर्धीच गोष्ट असते."

"तुमची अर्धी असन. माही चोवीस वर्षांची हाय."

"ही पावणेतीन हजार वर्षांची कबर आहे. पोलीस फावडं लावतील तर सगळं जाईल."

"मंग तुम्ही लावा. पण लावा."

शेवटी परवानगी आली ती बाईंनीच, पोलिसांसमक्ष, खोदायची. सारं गाव माळावर जमलं. इतकी वर्षं ज्या जागेला भीत होते त्या जागेवर लोक पोरं खांद्यावर घेऊन उभे राहिले. हेमराजला दोन शिपायांच्या मध्ये बसवलं होतं. कुंदा वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिच्या आसपास दहा हात कोणी नव्हतं.

क्रेननं दगड बाजूला घेतला. बाई आणि त्यांचे सहकारी ब्रश आणि लहान खुरप्यांनी माती उचलत राहिले. दुपारपर्यंत काळ्या-तांबड्या खापरांचे तुकडे निघाले. मग हाडं. गर्दी पुढं सरकली. कुंदा खड्ड्याच्या काठाशी आली.

बाई बराच वेळ वाकून राहिल्या. मग ठाणेदाराला म्हणाल्या, "ही जुनी आहेत. इथलीच. कोणीतरी फावड्यानं खणताना एका बाजूला लोटलीयत, त्यात मोडलीयत. दुसरं माणूस इथं नाही."

"अजून खाली?"

"खाली मुरूम आहे. न हललेला."

गर्दीत कुणीतरी हसलं. हसू पसरत गेलं. कुंदा त्या खड्ड्याकडे बघत होती. मोकळा, चौकोनी, खाली पिवळा मुरूम. देवानंद तिथं नव्हता. तो मेला नव्हता, म्हणजे मेल्याचं काही सापडलं नव्हतं. आणि तिनं बांगड्या फोडल्या होत्या.

बाई तिच्याजवळ आल्या. सकाळीच प्रयोगशाळेचा निकाल आला होता. नुसत्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून खोदणं संपेपर्यंत त्यांनी तो सांगितला नव्हता. ऊन दगडात किती खोल उतरलं यावरून, त्या म्हणाल्या, दगड किती काळ उन्हात पडून होता हेही कळतं. एक दिवस पडला तर वरचा पापुद्राच रिकामा होतो. महिने पडला तर ऊन आत आत जातं. "हा दगड दोन-तीन महिने पालथा पडून होता, कुंदाताई. भर उन्हाळा. मग कोणीतरी तो परत बसवला. माणूस मारून पुरणारा कबर तीन महिने उघडी ठेवत नाही."

"मंग कोन ठेवते?"

बाईंनी हेमराजकडे पाहिलं. "जो रोज येऊन खणतो, तो."

हेमराज दुसऱ्या दिवशी सुटून आला. कुंदा चुन्याची रेघ ओलांडून गेली. नलू उठली, तशी हेमराजनं तिला हातानं थांबवलं.

"बसा, वहिनी."

"उभीच बरी."

तो ओसरीच्या खांबाला टेकला. ठाण्यातल्या दिवसांनी त्याच्या दाढीचे खुंट पांढरे दिसत होते. "दादा मेला नाही. निदान इथं तरी नाही. नागपूरचा एक माणूस यायचा त्याच्याकडे. गोठ्यात सोनं असते म्हणे, लाल मणी असतात, परदेशात लोक घेतात. दोघांनी मिळून तो गोटा उलटवला. काय भेटलं मला ठाऊक नाही, पण भेटलं. विकायला म्हणून त्याच्यासंगं गेला. आठ दिवसांत येतो म्हणाला मला. मी वाट पाहिली. मग वर जाऊन पाहिलं तर खड्डा उघडा."

"अन् तुम्ही खनायले लागले."

"लागलो. शेळ्या सोडायच्या अन् खनायचं. कोणी येतच नोतं तिकडे. एक तांब्याचं झाकण भेटलं, वर पक्षी घडवलेला. अन् मूठभर मणी. विकले. पाऊस यायच्या आधी गोटा सब्बलीनं लोटून बसवला."

"तलावाचं वावर."

"हो."

नलू नवऱ्याकडे बघत होती. तिच्या बापानं दिलेल्या पैशाची गोष्ट ती वीस वर्षं गावात मान वर करून सांगत आली होती, आणि बापानं ती कधी नाकारली नव्हती.

"मले काहून नाही सांगतलं?" कुंदानं विचारलं. "त्याच्यापायी मले गावानं रोज रगडलं. तुमच्या डोळ्यांपुढं. तुम्हाले ठाऊक होतं तो काहून गेला."

"सांगितलं असतं तर तुम्ही गावभर केलं असतं. तुमची जीभ तर..." तो थांबला. पण वाक्य पुरतं बाहेर आलं होतं.

कुंदानं पायाला लागलेला चुना झटकला.

"खुनाची तक्रार मी मागं घेते," ती म्हणाली. "ती माही चूक होती. पण मंगळवारी ग्रामसभा हाय. तिथं उभं राहून सांगायचं. तो मण्यांमागं गेला. तुम्हाले ठाऊक होतं."

"चोरीचा खटला होईन माह्यावर."

"होईन."

श्रावणी सोमवारी आली. आधी काकाच्या बाजूला जाऊन त्याला बिलगली, मग आईकडे आली. तिला सारं कळलं होतं.

"आई, नको लावू त्याला सांगायला. त्या वावरातून माझी फी भरली गेली. माझं लग्न झालं. त्यानं मला वाढवलं ते खोटं होतं का?"

"नाही. ते खरं होतं."

"मग?"

"तेही खरं, अन् हेही खरं. तू एकच घेऊन चालली." कुंदानं तिच्यापुढं भाकर वाढली. "तुह्या शाळेत पोरी विचारायच्या, तुझा बाप पळून काहून गेला? तू घरी येऊन मले काय विचारायची, आठवते? आई, तू बाबाले काय म्हनलं होतं?"

श्रावणीनं भाकर मोडली नाही. तिला आठवत होतं.

मंगळवारी सभेला समाजभवन भरलं. हेमराज उठला. भिंतीकडे बघत त्यानं सगळं सांगितलं, जसं ओसरीवर सांगितलं होतं तसंच, कुठं कमी नाही कुठं जास्त नाही. कुंदाला वाटलं होतं लोक भडकतील. कबर उकरली म्हणून, चोरी केली म्हणून, किंवा निदान लाजेनं खाली बघतील.

सरपंचानं घसा साफ केला. "म्हंजे पाचवं वर्तुळ उसकटलेलं हाय, हे तू लिहून द्यायला तयार हाय?"

"हाय."

सभागृहात समाधानाची लाट उठली. मागून एकजण म्हणाला की त्याच्या आजोबानंही सातव्या गोठ्याचे दोन गोटे विहिरीच्या कठड्याला आणले होते. दुसरा म्हणाला, आमच्या बापानं तर तिथं रात्रीतून खणलं होतं, आई सांगायची. बघता बघता अर्ध्या गावाच्या पूर्वजांनी चोऱ्या केल्या होत्या आणि प्रत्येकाला ती लिहून द्यायची होती. हेमराजच्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. देवस्थळी बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं की दगड तपासूनच काय ते ठरेल, तोंडाची साक्ष चालणार नाही. त्यावर शिव्यांचा एकच गलका झाला.

कुंदा उभी राहिली. गलका थांबायला वेळ लागला.

"चोवीस वर्षं तुम्ही म्हणत आले, नवरा माह्या जिभेपायी गेला. आज ऐकलं सर्वांनी. कोणाले काही म्हणायचं हाय?"

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा सारखा केला. सरपंच म्हणाला, "वहिनीबाई, तो घरचा प्रश्न हाय. आपण पुढचा विषय घेऊ."

कुंदा बाहेर पडली. मागं श्रावणी आली, चपला हातात घेऊन, धावत. समाजभवनापासून घरापर्यंत दोघी सोबत चालत आल्या. दाराशी आल्यावर श्रावणी म्हणाली, "आई, मी शिकले ते आता परत नाही देता येत."

"कोणी मागितलं?"

"मला वाटतं, तू मागतेयस."

"नाही मागत," कुंदा म्हणाली. "तू काकाकडे जात जा. माह्याकडंही येत जा. दोन दारं हायत अंगणात. पण एका घरचं दुसऱ्या घरी सांगत बसू नको."

श्रावणी दोन दिवस राहून गेली. जाताना आधी कोणाच्या पाया पडायचं यावर ती अंगणात क्षणभर अडखळली, आणि मग कोणाच्याच न पडता बसमध्ये बसली.

पुढच्या महिन्यात अहवाल आला. पाचवं वर्तुळ सोडून बाकी सारी अभंग. ते वर्तुळ आणि मधली मोकळी जमीन धरून अर्धा माळ पॅनलला मिळाला, अर्धा राहिला, आणि राहिलेल्या अर्ध्याचा राग गावानं कुंदावर काढला, कारण बाई तिच्या घरी राहिल्या होत्या. हेमराजवर खटला उभा राहिला. तारखा पडत गेल्या. तलावाचं वावर न्यायालयाच्या ताब्यात गेलं. अंगणातल्या चुन्याच्या रेघेवर नलूनं विटांची भिंत घातली, छातीएवढी.

पुढच्या संक्रांतीला शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. कुंदाला बोलवायचं की नाही यावर बायकांत खल झाला. हात मोकळे, पण नवरा मेल्याचं सिद्ध नाही. शेवटी बोलावलंच नाही. कुंदा आपल्या ओसरीवर तीळ निवडत बसली होती तेव्हा भिंतीपलीकडून नलू फिरून आली, पुढच्या दारानं, नटलेली, नवी साडी नेसून. हळदीकुंकवालाच निघाली होती.

"मी माफी मागायले नाही आली," नलू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली.

"मी देऊनही नाही राहिली."

नलू उभी राहिली. मग म्हणाली, "माह्या बापानं पैसे दिले नोते. बापाले विचारलं मी. तो म्हनते, जावयानं सांगितलं, माहं नाव घ्या, तर घेतलं. वीस वर्षं दोघांनी मिळून मले तोंडावर पाडलं." तिच्या हातातल्या वाणाच्या डब्या एकमेकींवर आपटल्या. "अन् तेवढी वर्षं मी तुमच्या जिभेले दोष देत आली, ताई."

"दिला तर दिला. तुह्याजवळ दुसरं काय होतं द्यायले?"

नलूला राग आला, पण ती गेली नाही. आत येऊन ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसली, साडी सावरून. कुंदानं सूप मधे सरकवलं. नलूनं मूठभर तीळ घेतले आणि खडे वेचू लागली. पलीकडून बायकांचा आवाज येत होता. कोणीतरी नलूचं नाव घेऊन हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

"भासरे परत आले तर?" थोरल्या दिराबद्दल तिनं खाली बघत विचारलं.

"आला तर तुह्या दारी पाठवीन. भिंत तूच घातली, तूच सांग त्याले, कोणत्या बाजूनं यायचं."

नलूचा ओठ हलला. हसू म्हणावं इतका नाही. पुन्हा हाक आली, या वेळी जरा चिडून, आणि नलू उठून तोंड पलीकडं करून मोठ्यानं म्हणाली, "येत नाही मी. सुरू करा तुम्ही."

मग ती परत बसली आणि दोघी अंधार पडेपर्यंत तीळ निवडत राहिल्या.